दादा तलावात गेले होते

आमच्या घरात दादांविषयी एकच वाक्य बोललं जायचं. दादी म्हणायची, "ते तलावात गेले." त्यापुढे ती काही सांगत नसे आणि विचारायची कुणाची हिंमत नसे.

आम्ही तिन्ही भावंडं लहानपणी ते वाक्य जसंच्या तसं घ्यायचो. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक तळं आहे. पावसाळ्यात तुडुंब भरतं, मार्चपर्यंत आटतं. मदरशातून परतताना आम्ही त्याच्या काठाशी उभं राहून आत डोकवायचो. दादा इथेच कुठेतरी असतील, असं वाटायचं. अब्बांना विचारलं की ते विषय बदलायचे. मोठे झालो तसं आम्ही ठरवून टाकलं की दादीचा काहीतरी घोळ होतो आहे. दादा आगबोटीवर खलाशी होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या मुसलमान वस्त्यांतून त्या काळात घरटी एखादा माणूस तरी बोटीवर असायचा. समुद्रावर जाणारा माणूस तलावात कशाला जाईल?

दादी 1994 साली अल्लाहला प्यारी झाली. शेवटपर्यंत तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या.

मग 2022 चा नोव्हेंबर आला. 'तिलावा' नावाचं जहाज बुडाल्याला 80 वर्षं झाली म्हणून मुंबईत स्मरणाचा कार्यक्रम झाला. ती बातमी भाई मोबाइलवर मोठ्याने वाचत होता. फुफी जवळच सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "नाव पुन्हा घे." भाईने घेतलं. फुफी म्हणाली, "आमची माँ हेच म्हणायची. तलावा. तुम्ही पोरांनी तलाव ऐकलंत."

त्या संध्याकाळी घरात कुणी नीट जेवलं नाही. एका अक्षराच्या चुकीने आम्ही चाळीस वर्षं आपल्या दादांना चुकीच्या पाण्यात शोधत होतो.

बातमीतलं जहाज आणि घरातली कुजबुज

तिलावा हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, 1924 साली बांधलेलं, दहा हजार टनांचं जहाज. मुंबईहून ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला, थेट डर्बनपर्यंत जायचं. 20 नोव्हेंबर 1942 रोजी ते मुंबईहून सुटलं. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. 23 नोव्हेंबरला जपानी पाणबुडीने त्याच्यावर दोन टॉर्पेडो मारले. पहिल्या आणि दुसऱ्या माऱ्यात थोडा वेळ गेला. तेवढ्यात काही जण, जहाज तरंगतंय असं पाहून, पुन्हा त्यावर चढले होते. जहाजावर 958 माणसं होती, त्यांतली 222 जहाजावर काम करणारी. 280 माणसं गेली. बाकीच्यांना ब्रिटिश आरमाराच्या 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने आणि 'कार्थेज' जहाजाने उचललं आणि मुंबईला परत आणलं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, झालं की! दादा त्या 280 मध्ये असणार. आम्हालाही तसंच वाटलं. पण घरात आणखी एक गोष्ट होती. ती कुणी मोठ्याने बोलत नसे. आज ती लिहिताना हात अडखळतो, पण ती न लिहिता पुढचं सांगता येणार नाही.

सन पन्नासनंतर कधीतरी गावातला एक माणूस डर्बनहून परत आला. त्याने सांगितलं की तिथल्या ग्रे स्ट्रीटवर, जिथे आपल्या लोकांची दुकानं आणि मोठी जुमा मशीद आहे, तिथे त्याने दादांसारख्या माणसाला पाहिलं. एका दुकानात बसला होता. हाक मारली तर त्याने वळून पाहिलं नाही. बस्स, एवढंच. पण एवढं पुरे झालं. दादा बुडाले नाहीत, जहाज सोडून पळाले, तिकडे दुसरं घर केलं, अशी कुजबुज सुरू झाली. खलाशी परक्या बंदरात उतरून तिथेच राहिले, असं त्या काळात घडत होतंच. त्यामुळे कुजबुज खोटी आहे, असंही कुणाला छातीठोकपणे म्हणता येईना.

त्याच्याही आधी, दादा जाऊन चारेक वर्षं झाली तेव्हा, दादीच्या भावांनी तिला समजावलं होतं. 1939 साली मुस्लिम विवाह विच्छेदाचा कायदा झाला होता. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बायकोला कोर्टाकडून निकाह रद्द करून घेता येतो, हे त्यातलं पहिलंच कारण आहे. दादी तेव्हा तिशीचीही नव्हती. भाऊ म्हणाले, उरलेलं आयुष्य कशाला घालवतेस? दादीने दिलेलं उत्तर फुफीला तिच्याच तोंडून ऐकून पाठ आहे: "ते मेले असतील तर मी इद्दत बसेन. सोडून गेले असतील तर खुला मागेन. पण काय झालं ते कुणी सांगेल तर ना!"

कुणी सांगितलं नाही. तिने ना इद्दत केली, ना दुसरा निकाह. शबे बरातला घरातल्या मरहूमांची नावं घेऊन मगफिरतीची दुआ व्हायची, तेव्हा दादांचं नाव घ्यायला ती देत नसे. ती गेल्यावर तिचं नाव त्या दुआत आलं. दादांचं आजही नाही. आमची फुफी, जिने आपल्या बापाचं तोंडही पाहिलेलं नाही, आज त्र्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिने आम्हाला बसवून विचारलं, "मी बापासाठी कोणती दुआ मागू, हे मला मरायच्या आधी कुणी सांगाल का?"

आमच्या शोधाची सुरुवात या सवालापासून झाली.

दिल्ली की लंडन?

सरकारी कागद म्हटलं की आपल्याला दिल्ली आठवते. आम्हीही आधी तिकडेच वळलो. दिल्लीत जनपथवर राष्ट्रीय अभिलेखागार आहे. 11 मार्च 1891 रोजी कलकत्त्यात इम्पिरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट म्हणून त्याची सुरुवात झाली. आजच्या दिल्लीच्या इमारतीचं बांधकाम 1926 साली पुरं झालं. 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या सूची चाळता येते. बरेच कागद तर पडद्यावरच वाचायला मिळतात. ज्यांना आपल्या खानदानाचे किंवा गावाचे जुने सरकारी कागद शोधायचे आहेत त्यांनी सुरुवात इथूनच करावी. तिकिटाचाही खर्च नाही.

पण आमच्या कामात एक अडचण होती, ती समजायला दोन महिने गेले. दिल्लीत हिंदुस्थान सरकारचे कागद आहेत. तिलावा मात्र ब्रिटिश झेंड्याखाली चालणारं जहाज होतं. अशा जहाजावर माणूस कामाला लागला की त्याचा करार व्हायचा. त्या करारात खलाशांची यादी असे: नाव, वय, हुद्दा, पगार, कधी आणि कुठे जहाजावर चढला. सफर संपली की ते कागद ब्रिटनमधल्या जहाज-नोंदणी खात्याकडे जमा व्हायचे. तिथून ते आज लंडनच्या क्यू या भागात असलेल्या त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोचले आहेत. 1939 ते 1950 या काळातले खलाशांचे करार आणि जहाजांची लॉगबुकं तिथे ठेवलेली आहेत.

मनात पहिली शंका हीच आली की जहाज बुडालं तर कागदही बुडालाच असेल. तर त्याचंही उत्तर मिळालं. करार दोन प्रतींत करायची पद्धत होती. एक कप्तानाबरोबर जायची, दुसरी किनाऱ्यावरच्या शिपिंग ऑफिसात राहायची. माणूस बुडाला तरी त्याच्या नावाची एक प्रत जमिनीवर असावी, याची सोय त्या लोकांनी आधीच केली होती.

आणि त्या करारात शेवटी एक रकाना असतो. माणूस जहाजावरून कधी, कुठे आणि कशामुळे उतरला, हे त्यात लिहितात. सफर पुरी झाली, आजारी पडला, मरण पावला, किंवा जहाज सोडून पळाला. दादीने ज्या एका गोष्टीसाठी बावन्न वर्षं वाट पाहिली ती त्या रकान्यात दोन शब्दांत लिहिलेली असू शकते.

घरातला अभ्यास

आपाची मुलगी लंडनला शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपा तिच्याकडे दोन आठवडे जाणार आहे. त्यातले दोन दिवस क्यूसाठी राखून ठेवले आहेत. दोन दिवस म्हणजे फार नाहीत. तिथे जाऊन "आमचे दादा शोधून द्या" म्हटलं तर कुणी देणार नाही. आपण नेमका कोणता गठ्ठा मागायचा हे आपल्याला आधी ठाऊक असावं लागतं. म्हणून गेले सहा महिने आम्ही घरातच अभ्यास करतो आहोत. त्यातून जे शिकलो ते सांगतो, कारण ते आपल्यापैकी पुष्कळांच्या कामी येईल.

पहिला प्रश्न तारखेचा. दादा शेवटचे घरून कधी निघाले? फुफीला विचारलं तर ती म्हणाली, "रमजान ईद करून गेले. बकरीदला पैसे यायचे होते, ते आले नाहीत. आंब्याला मोहोर होता तेव्हा मी झाले." यात एकही तारीख नाही असं वाटेल. पण आपल्या घरांतल्या तारखा अशाच असतात. आमच्यातली एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. तिने वहीत हिजरी आणि इंग्रजी महिने समोरासमोर मांडले. ज्या वर्षी 'चले जाव'ची धरपकड चालली होती ते वर्ष 1942, म्हणजे हिजरी 1361. त्या वर्षी रमजान ईद ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. बकरीद डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. मोहोर जानेवारीत. म्हणजे दादा ऑक्टोबरच्या मध्यानंतर घरून निघाले आणि डिसेंबरच्या मध्याआधी काहीतरी झालं. तिलावाची तारीख बरोबर मधे बसते. फुफी लिहायला शिकली नाही, पण तिने दिलेली माहिती कुठल्याही दप्तराइतकी पक्की निघाली.

याउलट लेखी कागदाने आम्हाला फसवलं. अब्बांचं वय नक्की कळावं म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरची नक्कल काढली. त्यात जन्मतारीख 1 जून. शिक्षकांना हे सांगायला नको! जुन्या रजिस्टरात अर्धा वर्ग 1 जूनला जन्मलेला असतो. दाखल करताना बापाला तारीख ठाऊक नसली की गुरुजी ती लिहून टाकायचे. लिहिलेलं आहे म्हणून खरं आणि तोंडी आहे म्हणून खोटं, असं धरू नये.

दुसरा प्रश्न नावाचा. तो याहून अवघड. घरात दादांना एका नावाने हाक मारत, निकाहच्या दप्तरात दुसरं नाव आणि जहाजाच्या यादीत तिसरंच असू शकतं. आडनाव लिहायची पद्धत बहुतेक नव्हतीच. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, झालं. तेही इंग्रज कारकुनाला किंवा त्याच्या हाताखालच्या माणसाला जसं ऐकू आलं तसं. इब्राहिम कधी 'आय'ने सुरू होतो, कधी 'ई'ने. मुहम्मदची तर सात-आठ स्पेलिंगं सहज निघतात. हुसेन, हसन आणि हुसैनी यांची अदलाबदल होते. आम्ही दादांच्या आणि पणजोबांच्या नावाची जितकी रूपं सुचली तितकी लिहून काढली. वहीचं एक पान भरलं. फुफीला ती सगळी वाचून दाखवली. ती हसली. म्हणाली, "एवढ्या नावांनी हाक मारली असती तर एखाद्याला तरी ओ दिली असती."

तिसरा प्रश्न कामाचा. खलाशी हा आपण सगळ्यांना लावतो तो शब्द. यादीत मात्र सारंग, टिंडेल, कसाब, आगवाला, तेलवाला, भंडारी, असे वेगवेगळे हुद्दे असतात. सारंग म्हणजे टोळीचा म्होरक्या, टिंडेल त्याच्या हाताखालचा, आगवाला भट्टीवरचा, भंडारी स्वयंपाकाचा. दादा वर डेकवर काम करत की खाली इंजिनात, हे कळलं तर यादीतला निम्मा भाग वाचायची गरज पडत नाही. फुफीला ठाऊक नव्हतं. मग तिला आठवलं की दादी सांगायची, त्यांच्या हाताला कायम दोराचे घट्टे असायचे. दोर म्हणजे डेक. वहीत लिहून घेतलं.

मुंबईतला सराव

लंडनला जायच्या आधी घराजवळचं बघून घ्यावं म्हणून आम्ही मुंबईत मस्जिद बंदरला गेलो. तिथे इंडियन सेलर्स होममध्ये महायुद्धांत समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून जास्त आणि दुसऱ्यातले सहा हजारांहून जास्त. दुसऱ्या महायुद्धाच्या नावांची नोंदवही दोन ठिकाणी ठेवली आहे, एक मुंबईत आणि एक चितगावात, कारण हे खलाशी या दोन्ही किनाऱ्यांवरून जात. ज्यांची कबर समुद्राशिवाय कुठेच नाही, अशी ही माणसं. ही नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरही शोधता येतात. ज्यांच्या घरातून कुणी बोटीवर गेला आणि परतला नाही त्यांनी एकदा तिथे नक्की पाहावं. पैसे पडत नाहीत.

आम्ही पाहिलं. दादांच्या नावाशी जुळणारी नावं मिळाली, एक नाही, चार. चारही वेगवेगळ्या रूपांत. एकाच्या बापाचं नाव जुळतं पण वय जुळत नाही. एकाचं वय जुळतं पण बापाचं नाव दिलेलं नाही. आपले दादा यांतले कोण? की यांतले कुणीच नाहीत? यादीपुढे उभं राहिल्यावर आपा हळूच म्हणाली, "हे चौघंही कुणाचे तरी दादा आहेत." आम्ही तिथेच चौघांसाठी आणि सगळ्यांसाठी दुआ केली आणि निघालो.

चांदीचा हिशेब

वाचता वाचता एक गोष्ट समोर आली, ती मनातून जात नाही. तिलावावर माणसांबरोबर चांदीही होती. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी विकत घेतलेल्या चांदीच्या 2,364 विटा. जवळजवळ अडीच किलोमीटर खोल पाण्यात त्या पंचाहत्तर वर्षं पडून होत्या. 2017 साली एका कंपनीने त्या वर काढल्या. मग त्या वर काढण्याच्या मोबदल्याचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2024 साली त्याचा निकाल लागला. एकेका विटेची मोजदाद होती. कुणी विकली, कुणी घेतली, कुठे उतरायची होती, सगळं कागदावर.

हे वाचून आधी राग आला. चांदीचा एवढा हिशेब, आणि आमच्या दादीला एक कार्डही नाही! नंतर वाटलं, हिशेब माणसांचाही ठेवला होता. करार होता, यादी होती, शेवटचा रकाना होता. चांदीचा मालक तो कागद घेऊन कोर्टात उभा राहिला, म्हणून चांदीचा निकाल लागला. आमच्या माणसाच्या वतीने तो कागद मागायला ऐंशी वर्षांत कुणी गेलंच नाही. दादीला वाचता येत नव्हतं. अब्बांना विषय नको होता. आम्ही तळ्यात डोकवत होतो.

क्यूचे दोन दिवस

बेत असा आहे. क्यूचं अभिलेखागार मंगळवार ते शनिवार उघडं असतं. मंगळवारी आणि गुरुवारी ते संध्याकाळी सातपर्यंत चालतं, म्हणून तेच दोन दिवस घेतले. जाणं-येणं मेट्रोने, स्टेशन क्यू गार्डन्स. आत जायला पैसे नाहीत, पण मूळ कागद हाताळायला वाचक-कार्ड लागतं. त्यासाठी ओळखीचा एक आणि पत्त्याचा एक, असे दोन पुरावे दाखवावे लागतात. कोणते कागद चालतात याची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. ती पाहून आपाने पासपोर्ट आणि बँकेचं स्टेटमेंट एका पाकिटात ठेवलं आहे. दोन्हीकडे नाव एकसारखं आहे ना, हे आम्ही तीनदा तपासलं. आपल्या लोकांना हे तपासायला कुणी शिकवावं लागत नाही!

वाचनदालनात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी बाहेर ठेवायची, लागेल तेवढंच सामान पारदर्शक पिशवीतून न्यायचं. खाणं-पिणं नाही. मोबाइलने कागदांचे फोटो मात्र काढता येतात, तेही फुकट. कागद आधीच मागवून ठेवता येतात, म्हणजे पोचल्यावर ते तयार असतात.

पहिल्या दिवशी बीटी 380 आणि बीटी 381 या मालिका. बीटी म्हणजे बोर्ड ऑफ ट्रेड. महायुद्धाच्या काळातले करार आणि लॉगबुकं यांत आहेत, पण ती जहाजाच्या नावाने लावलेली नाहीत. प्रत्येक जहाजाला नोंदणीचा एक सरकारी क्रमांक असायचा, त्या क्रमांकाने लावली आहेत. म्हणून आधी जहाजाचा क्रमांक काढावा लागतो. तिथे काही हाती लागलं नाही तर दुसऱ्या दिवशी बीटी 334, म्हणजे 1891 ते 1972 या काळात समुद्रावर झालेल्या मृत्यूंच्या नोंदवह्या. त्याही पलीकडे ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे. ते या खेपेला जमणार नाही.

फुफीची परवानगी

एवढी तयारी झाल्यावर भाई आडवा आला. त्याचं म्हणणं, हे करूच नये. "शेवटच्या रकान्यात 'पळाला' असं लिहिलेलं निघालं तर? फुफीला या वयात ते ऐकवायचं? सूरह हुजुरातमध्ये बदगुमानी करू नका आणि दुसऱ्याचं खोदत बसू नका, असं बजावलेलं आहे. अल्लाहने झाकलेलं आहे, झाकलेलं राहू द्या."

त्याच्या बोलण्यात दम होता. आम्ही आठवडाभर त्यावर बोलत राहिलो. आपाचं म्हणणं वेगळं होतं. बदगुमानी तर गाव सत्तर वर्षं करतंच आहे, दादांच्या तोंडावर नाही, पाठीमागे. एखाद्यावर आळ असेल आणि त्याच्या बाजूचा कागद कुठेतरी पडलेला असेल, तर तो न पाहणं हाच त्याच्यावर अन्याय. दोघांचंही आम्हाला पटत होतं. शेवटी असं ठरलं की हा निर्णय आमचा नाहीच. ज्याचा बाप त्याला विचारायचं.

फुफीला सगळं उलगडून सांगितलं. रकान्यात काय काय असू शकतं, तेही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बुडाले असतील तर बुडून मरणाऱ्याला शहीदाचा दर्जा आहे, हे आपण ऐकत आलोय. मी गायबाना नमाज पढवून घेईन आणि त्यांचं नाव माँच्या नावाशेजारी लावीन. पळाले असतील..." ती थांबली. "पळाले असतील तर जीव तर वाचला ना. त्याचा शुक्र करीन. माँला त्यांनी जे केलं ते अल्लाह त्यांना माफ करो, अशी दुआ करीन. आणि तिकडे माझे भाऊ-बहीण असतील तर त्यांचाही पत्ता काढा. दोन्ही दुआच आहेत. मला फक्त कोणती ते सांगा."

भाई उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने परत आला आणि आपाच्या बॅगेत पेन्सिलींचं एक आख्खं पाकीट टाकलं.

कदाचित क्यूमध्ये काहीच मिळणार नाही. गठ्ठा मिळेल आणि पान नसेल, पान असेल आणि नाव वाचता येणार नाही. तशीही मनाची तयारी आहे. पण या सहा महिन्यांत आम्हाला बरंच काही मिळालं, आणि ते लंडनला नव्हतं. ते ओसरीवर तांदूळ निवडत बसलेलं होतं. दादांच्या हाताचे घट्टे, ईदचा हिशेब, दादीचे शब्द, सगळं फुफीकडे होतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. अब्बांना तर विचारायचं राहूनच गेलं. अभिलेखागारातला कागद आणखी पन्नास वर्षंही सांभाळून ठेवला जाईल. फुफीचं तसं नाही.

तुमच्याही घरात एखादं वाक्य असेल, जे मोठी माणसं बोलतात आणि ज्याचा अर्थ लागत नाही. येत्या जुम्याला नमाजनंतर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. ते जसं म्हणतात तसंच लिहून घ्या, सुधारून लिहू नका. आमचं वाक्य आम्ही सुधारून ऐकलं होतं, म्हणून चाळीस वर्षं गेली.

आपाचं विमान मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. काय निघेल ते अल्लाहला ठाऊक. दुआत आठवण ठेवा.